पाचही वेळा १४.२

तंजावूर, सोमवार

प्रिय हनुमंतराव सर,

ओळखलंत? बारावीच्या प्रॅक्टिकलला लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणाचं पुस्तकातलं ९.८ न लिहिता स्वतः मोजून आलेलं ९.५ लिहिणारी जयलक्ष्मी. सगळ्या वर्गासमोर तुम्ही मला खोटारडी म्हणालात, पानावर लाल रेघ ओढलीत आणि आकडे बदलायला सांगितलंत. मी बदलले नाहीत, तुम्ही गुण कापलेत. दोन गुणांनी माझी इंजिनीअरिंगची जागा गेली. बत्तीस वर्षं झाली, ती रेघ मी विसरलेली नाही. विसरायची इच्छाही नाही.

आता मीच शाळेत विज्ञान शिकवते. उत्तर आधी सांगत नाही. गेल्या आठवड्यात नववीच्या मुलांना एवढंच विचारलं, की जड दगड हलक्यापेक्षा भराभर झोके घेतो का? खिडकीच्या गजांना दोऱ्या बांधून मुलं दोन तास मोजत बसली. दहा झोक्यांना कधी १४.१ सेकंद, कधी १४.५. आकडे सारखे का येत नाहीत यावरून कडाक्याची भांडणं झाली, आणि घड्याळाचं बटण दाबायला बोट मागेपुढे होतं हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. तुमच्यावर सूड उगवल्याचं समाधान मला त्या दिवशी मिळालं.

मग त्याच वर्गातली तुमची नात लावण्या घरून नीटनेटकी लिहिलेली वही घेऊन आली. पाचही वेळा १४.२! मुलांनीच तिला पकडलं, की माणसाच्या हाताला पाचदा सारखं कसं जमेल? रडत म्हणाली, आजोबांनी दुरुस्त करायला लावलं. खरं सांगते सर, मी मनातून खूश झाले. तुमच्या घरातलं कुणीतरी वर्गासमोर खोटं ठरत होतं. मग वही उजेडात धरली. खोडलेल्या जागी पेन्सिलीच्या खुणा दिसत होत्या: १४.०, १४.४, १३.९. पोरीने आधी खरे आकडेच लिहिले होते. मला माझीच लाज वाटली, आणि तुमच्यावरचा राग दुप्पट झाला.

हे पत्र मुद्दाम देवनागरीत लिहिलंय, कारण इथल्या मराठी घरांतली पोरं तमिळच शिकतात, आणि तुमच्या घरात देवनागरी फक्त तुम्हांला वाचता येते. गुरुवारी दहा वाजता वर्गात या. दगड स्वतः सोडा, पाचदा मोजा, येतील ते आकडे फळ्यावर लिहा. आणि लावण्याने आधी लिहिलेलं खरं होतं, हे सगळ्यांसमोर सांगा. आला नाहीत, तर हेच पत्र मी तमिळमध्येही लिहून ठेवलंय. लावण्या तमिळ झरझर वाचते.

तुमचीच खोटारडी,
जयलक्ष्मी