हात टेकल्याची बातमी

दि. ४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. माझ्या मागच्या पत्रातल्या अकरा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तू लाल शाईने दाखवल्यास, त्याही पोचल्या. पुन्हा सांगते, मी व्याकरणावर संशोधन करते म्हणजे शुद्धलेखनावर नाही. माझी व्याकरणं इवलीशी असतात. अमुक अक्षर दिसलं की त्याजागी तमुक लिहा, एवढीच त्यांची अक्कल. अशी तीन व्याकरणं आणि समोर एकच सामाईक ओळ, सुरुवातीला तिच्यात एकच ‘अ’. आळीपाळीने येतात, ओळीत फेरफार करतात, जातात. एकट्याला जन्मात जमणार नाही ते तिन्ही मिळून करतात, हे मला दाखवायचंय.

पहिलं ‘अ’च्या जागी दोन ‘ब’ लिहितं. दुसरं ‘ब’चा ‘अ’ करतं. तिसरं ‘अ’ खोडून ठिपका काढतं, की काम संपलं. ठिपके एक, दोन, चार, आठ, असे दुपटीनेच यायला हवेत. मी प्रत्येकाला पाळीपाळीने एकेक बदल करू देते, आणि येतात कधी तीन, कधी सात! एवढं तर एकटं व्याकरणही करतं. मग तिघांची वरात कशाला?

एकोणीस तारखेला समिती बसणार आहे. तोवर जमलं नाही तर विषय काढून घेणार, म्हणजे दोन वर्षं पाण्यात. बाबा म्हणतातच, पुरे झालं, घरी ये आणि शिकवण्या घे. मला हा विषय सोडायचा नाही गं. पण काय करू, मी हात टेकले.

सगळ्यांना नमस्कार. माझ्यावर माया आहे ती आटू देऊ नकोस.
तुझी पिंगी


दि. ८ जून

चि. पिंगीस,
अ. उ. आ.

तू हात टेकलेस हे वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू! आपल्या शर्टांच्या कारखान्यात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. कॉलरवाली, काजवाली आणि बटणवाली, तिघींनी मशिनं थांबवून टाळ्या वाजवल्या. बिस्किटांचे दोन पुडे फोडले. दादालाही लगेच फोन करून कळवलं, की पोरीचं काम फत्ते झालं, आता शिकवण्यांचं नाव काढू नकोस.

बाकीचं पत्र काही डोक्यात शिरलं नाही. ठिपके तीन आले काय नि सात आले काय, आले ना? एवढी खूश होऊनही शेवटी रडका सूर का लावलास, तेही कळलं नाही. दमली असशील. झोप काढ, तेल लाव डोक्याला.

चुका या वेळी नऊच. प्रगती आहे.
तुझी आत्या


दि. ११ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काय करून बसलीस तू! बाबांचा फोन आला. शाबासकी देत होते, आवाज भरून आला होता. आयुष्यात पहिल्यांदा! खरं सांगायचा मला धीर झाला नाही. हात टेकले म्हणजे हरले, आत्या. अख्खं जग याच अर्थाने म्हणतं. तुमच्या कारखान्यात हा भलता अर्थ आला कुठून?

खूप रागावलेली, तरी तुझीच,
पिंगी


दि. १४ जून

चि. पिंगीस,
अ. उ. आ.

चुकलं माझं. बावीस वर्षं एकच बोली कानावर पडली, की दुसरा अर्थ आठवेनासा होतो. दादाला मी समजावते, तू घाबरू नकोस.

सुरुवातीला आमच्याकडे घंटा होती. दर पंधरा मिनिटांनी ती वाजली, की हातातला शर्ट मधल्या टेबलावर टाकायचा आणि दुसरा उचलायचा. सगळ्यांना सारखं काम, असा माझा न्याय. झालं काय, तर पाच बटणं आणि तीनच काजं असे चाळीस शर्ट गेले आणि तसेच तोंडावर परत आले. आधीची कुठवर आली होती, हे पुढचीला कळणार कसं?

मग घंटा काढून टाकली. नियम केला, की शर्ट एकदा उचलला की त्यात आपल्या हातचं काम तसूभरही उरलं नाही असं होईतो खाली ठेवायचा नाही. मग तो टेबलावर ठेवायचा, दोन्ही हात टेकायचे आणि मोठ्याने सांगायचं, हात टेकले. ते ऐकलं की पुढची उचलते. वेळ मोजायची नाही की टाके मोजायचे नाहीत. आमच्यात हात टेकण्याइतकी मानाची गोष्ट नाही, बाई.

राग गेला असेल तर दोन ओळी लिही. गेला नसेल तर चार लिही.
तुझी आत्या


दि. २० जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. वि. वि.! (जास्तीचे दोन आनंदाचे.)

तुझं पत्र वाचता वाचता मी खुर्चीतून उठलेच. आत्या, मी माझ्या व्याकरणांना घंटा लावली होती! एक बदल केला की हो बाजूला. म्हणून काही ‘अ’ तसेच राहायचे आणि तेवढ्यात तिसरं येऊन ठिपके काढायचं. घंटा काढली. एकदा ओळ हातात घेतली, की आपल्याला बदलता येईल असं एकही अक्षर उरत नाही, तोवर सोडायची नाही. मग पहिलं एकूण एक ‘अ’ दुप्पट करूनच थांबतं. दुसरं सगळे ‘ब’ बदलूनच. दोन, चार, आठ, सोळा! मध्ये तीन नाही, सात नाही. हे एकट्या व्याकरणाच्या बापाला जमणार नाही.

काल समिती झाली. तिच्यातले सर्वांत खडूस सर मला म्हणाले, की पुन्हा करून दाखवा. पुन्हा केलं. मग त्यांनी माझ्या हातून खडू काढून घेतला आणि स्वतःच पुढचं मांडू लागले. बत्तीस झाले, चौसष्ट झाले. उरलेले दोघे मोठ्याने मोजत होते, आणि फळा संपला तेव्हा ते तिघेही हसत होते. हा नियम कुठे सापडला, असं विचारलं. शर्टांच्या कारखान्यात, असं मी सांगितलं आणि तेही टिपून घेतलं त्यांनी.

विषय माझाच राहिला, आत्या. बाबांना आता खरीखुरी बातमी दिली. पुन्हा आवाज भरून आला त्यांचा, आणि या वेळी माझाही.

तिघींना माझा नमस्कार सांग. असाच जीव लावत राहा.
तुझी पिंगी


दि. २४ जून

चि. पिंगीस,
अ. उ. आ.

मशिनं बंद करून पत्र वाचलं. चौसष्टपर्यंत कुणी हलली नाही. मग काजवालीने विचारलं, की एवढे ठिपके कशाला लागतात. कशालाच नाही, आपल्या पोरीला तिच्या आवडीचं काम करता यावं म्हणून, असं मी सांगितलं. तिने दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, की मग एकशे अठ्ठावीस करायला सांगा तिला.

तुझी आत्या