बाबांना दिलेला उतारा

अ‍ॅबर्डीन, मंगळवार, ९ नोव्हेंबर १९७६

खोटं बोलले. बाबांशी! हाडांच्या कॅन्सरनं कळवळतायत, पण डॉक्टरांचं मॉर्फीन नको म्हणजे नको. "ते घेऊन पडलेला एकही गडी पुन्हा बोटीवर आला नाही." शेवटी म्हटलं, आमच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून नवं औषध काढलंय. अफूसारखंच, पण शरीर आपलं आपण बनवतं. ते आणलंय.

"अगं, त्या जनावराचं नाव काढू नकोस!" पटकन पलंगाच्या लोखंडी दांड्याला हात लावला. दर्यावरची सवय: तिथे डुकराचं नावही अपशकुनी, लोखंडाला हात लावला की तो टळतो. मग दंड पुढे केला.

सुईत नुसतं सलाइन होतं.

गुरुवार, ११

वीस मिनिटांत चेहरा सैल पडतो! काल हॅडॉक मासा मागून खाल्ला. नॅन आत्या म्हणते, "एल्स्पेट, तुझ्या हाताला गुण आहे गं."

रविवार, १४

डोक्यात किडा वळवळतोय. सलाइनमध्ये तर काहीच नाही. मग दुखणं थांबवतंय कोण? बाबांचं शरीरच आतून ते अफूसारखं द्रव्य सोडत असेल तर? प्रयोगशाळेत गिनी पिगच्या आतड्याच्या पट्टीवर आम्ही रोज हेच बघतो — नॅलोक्सोन घालायचं, म्हणजे अफूचा उतारा. परिणाम पुसला गेला, तर माल अफूच्या जातीचा.

नाही. असलं काही करायचं नाही.

मंगळवार, १६

केलं.

सलाइनऐवजी उतारा दिला, न सांगता. वीस मिनिटं झाली, चेहरा सैल पडेना. मग ओठ चावायला लागले. मग ओरडले — बाबा! चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस! आत्या धावत आली. आणि मी घड्याळ बघत होते. क्षणभर आनंद झाला मला, अंदाज खरा ठरल्याचा. लिहितानाही लाज वाटते. बाप होता तो, आतड्याची पट्टी नव्हे.

गुरुवार, १८

काल, आज पुन्हा सलाइन. लागू पडत नाही. "तुझ्या औषधाचा दम गेला वाटतं, पोरी."

शुक्रवार, १९

सगळं सांगून टाकलं. सलाइन, उतारा, घड्याळ. वाटलं, शिव्या घालतील. तर म्हणाले, "म्हणजे पहिले आठ दिवस दुखणं माझं मीच पळवलं? बाहेरचं काहीच नव्हतं?" हो म्हटलं. केवढे हसले! मीही हसले, मूर्खासारखी.

शनिवार, २०

भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माझ्यापाशी तेवढंच बळ उरलं होतं, पोरी. तेही काढून घेतलंस."