चौथ्या चौकोनातला शिट्ट्यांचा कारखाना

तीर्थरूप आत्यास धाकट्या भाच्याचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की जिना उतरताना तो कुरकुरतो आणि चढताना गप्प असतो. ते ऐकून दादा म्हणाला, तेल घालायला हवं. (हा विनोद होता, असं त्याने नंतर स्वतःच सांगितलं. इतकी वर्षं आपला बिजागऱ्यांचा कारखाना चालवून त्याला जगात जे जे वळतं ते सगळं बिजागरीच वाटतं.) औषध वेळेवर घ्या आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंशी बोलण्यासाठी दिवसातून चारदा जिना उतरू नका. इकडे सगळे ठीक. तुमची सूनबाई तर विशेष ठीक आहे. बावीस वर्षांच्या संसारात इतके निवांत दिवस कधी मिळाले नव्हते, असं ती शेजारणीला सांगत होती. त्याचं कारण पुढे येईलच.

आता मुद्द्यावर येतो. (मी सभेत असं म्हणालो की मागच्या रांगेतले लोक पायांनी चपला चाचपायला लागतात, हे मला माहीत आहे. पत्रात तुमची ती सोय नाही.) चार महिन्यांपूर्वी दादाने एक सल्लागार आणला. वय तिशीच्या आतबाहेर, हातात तीन रंगांचे खडू, आणि बोलणं असं की वाक्य संपलं की माणूस खरोखर थांबतो. अशा माणसाचा मला आधी संशय येतो आणि मग हेवा वाटतो. त्याचं म्हणणं असं, की कंपनी बिजागऱ्या करते ते ठीकच आहे, पण अप्पांच्या काळापासून कंपनीने बाहेर चार ठिकाणी जो पैसा घातला आहे तो कोणी एकत्र पाहिलेलाच नाही. ही गुंतवणूक म्हणजे अडगळीची खोली नव्हे, तो धोरणाने मांडलेला पट हवा. कुठे वाढवायचं, कुठे थांबायचं आणि कुठून निघायचं हे पट बघून ठरवायचं. मग त्याने फळ्यावर मोठा चौकोन काढला आणि त्याचे चार चौकोन केले. बाजार वाढतोय का, आणि त्यात आपला वाटा किती, या दोन प्रश्नांवर प्रत्येक गुंतवणूक एकेका चौकोनात बसवली. भाड्याने दिलेलं गोदाम ही दुभती गाय. लिफ्टचे दरवाजे करणाऱ्या कंपनीतली भागीदारी हा तारा. रंगाचा कारखाना हे प्रश्नचिन्ह. आणि शिट्ट्यांचा कारखाना हा कुत्रा. कुत्रा म्हणजे बाजारही वाढत नाही आणि वाटाही नाही, नुसतं पोसायचं. चौकोनाचं हे नाव जगभर असंच आहे म्हणे. त्यात कुत्र्याचा अपमान आहे असं मी बोलून दाखवलं, पण ते इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.

तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. एखादी गोष्ट पटली की मी तिच्यासाठी उभा राहतो, आणि उभा राहिलो की बसत नाही. मी दहा दिवसांत या विषयावरची तीन जाडजूड पुस्तकं पेन्सिल घेऊन वाचली आणि पुढच्या बैठकीत पन्नास मिनिटं बोललो. श्रोते दोन होते, दादा आणि सल्लागार. भावना ही गुंतवणुकीची वाळवी आहे, असं मी म्हणालो. जो विकायला घाबरतो त्याला विकत घेण्याचा अधिकार नाही, असंही म्हणालो. तिसऱ्या वेळी टेबलावर मूठ आपटली तेव्हा पाण्याचा ग्लास उडून सल्लागाराच्या बॅगेत पडला. (त्याने शांतपणे एक ओला कागद बाहेर काढला आणि ‘जोखीम’ या शब्दाखाली रेघ मारली.) थोडक्यात, शिट्ट्यांचा कारखाना विकायचा, हा दादाचा प्रस्ताव असला तरी त्याची तोफ मीच होतो. गिऱ्हाईकही दारात उभं होतं. शेजारच्या मोटारींच्या दुकानदाराला ती जागा गाड्या लावायला हवी आहे. शिट्ट्यांशी त्याला कर्तव्य नाही. तिथल्या अकरा माणसांना देणं चुकतं करून निरोप द्यायचा, असं ठरत आलं होतं.

पण तुमचे अप्पा, आमचे आजोबा, कंपनीच्या नियमांच्या शेवटच्या पानावर दोन नियम लिहून गेले आहेत, आणि ते आपल्या तिघाही भागधारकांना बंधनकारक आहेत. पहिला नियम : कंपनीने पैसा घातलेली कोणतीही जागा विकण्याआधी एका भागधारकाने तिथे आठ दिवस कामगारासारखं काम करायचं. दुसरा : सभेत किंवा पत्राने जो स्पष्ट ‘हो’ म्हणणार नाही त्याचं मत ‘नाही’ धरायचं. गप्प बसलेल्या माणसाला संमत आहे असं समजणारे लोक अप्पांना मुळीच आवडत नसत. (त्यांचं लग्न तसंच ठरलं होतं, असं आजी सांगायची.) सल्लागाराने हे पान दोनदा वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली आणि विचारलं की हे कोणत्या चौकोनात बसतं. दादाला रक्तदाब आहे. तुम्ही दूर, आणि तुमचा गुडघा. राहिलो मी. जाहीर भाषणातून ज्याला कुत्रा म्हटलं त्याच्याच दारात सोमवारी सकाळी आठ वाजता डबा घेऊन जाऊन उभा राहिलो.

आत शिरताच मी सगळ्यांना जमायला सांगितलं. कामगारांना अंधारात ठेवून निर्णय घेणं मला मान्य नाही. मी वीस मिनिटांचं मनोगत तयार करून नेलं होतं. पण आत्या, त्या खोलीत एका बाजूला पितळी पत्रा कापणारं यंत्र दणदणतं, मधे पॉलिशची चाकं किंचाळतात आणि दुसऱ्या टोकाला तयार शिट्ट्या तपासायला एकामागून एक फुंकत असतात. पस्तीस वर्षं मी विनामाईक मैदानं गाजवली. इथे माझा आवाज माझ्या मिशीपर्यंत पोहोचेना. अकराही जण माझ्याकडे सौजन्याने बघत होते आणि मी मासळीसारखा तोंड उघडत-मिटत होतो. मुकादमबाईंनी एक कान माझ्याजवळ आणला. (दुसरा या आवाजात कामी आलेला आहे.) म्हणाल्या, “धाकटे मालक, भाषण जेवणाच्या सुट्टीत ठेवा. एवढंच की, सुट्टीत आम्ही जेवतो.” आणि मला तपासणीच्या बाकावर बसवलं.

तिथे सगळे खुणांनी बोलतात. हनुवटीवर बोट म्हणजे चहा, मनगट पिरगाळलं म्हणजे यंत्र अडलं, कानाला हात म्हणजे ही शिट्टी पुन्हा बघ. पाचही बोटं चोचीसारखी भराभर उघडली-मिटली की सगळे माझ्याकडे पाहून हसायचे. तिसऱ्या दिवशी मला समजलं की ते माझं नाव आहे. काम असं : शिट्टी उचलायची, पुसायची, एकदा हळू आणि एकदा जोरात फुंकायची. आतला बुचाचा मणी नीट फिरला तर उजव्या ट्रेमध्ये, अडकला तर डाव्या. दिवसाला नऊशे. संध्याकाळी माझे ओठ पावासारखे फुगलेले असत आणि घरी सूनबाईने काही विचारलं की मी मान हलवून उत्तर देत असे. तिच्या सुखाची सुरुवात इथून झाली.

ही माणसं किती जुनाट पद्धतीने काम करतात याचा एक दाखला देतो, म्हणजे विक्री का आवश्यक आहे ते तुम्हाला पटेल. पाचव्या दिवशी यंत्र थोडा वेळ बंद पडलं आणि खोलीत शांतता झाली. एवढी संधी मी सोडणं शक्यच नव्हतं. शेजारी शिट्ट्यांचे सांधे डाग देऊन जोडणारे काका बसतात. त्यांना मी चार चौकोन समजावून द्यायला लागलो, आणि बोलता बोलता एक मुकी शिट्टी उजव्या ट्रेमध्ये टाकली. ट्रे गेला, खोकं भरलं, खिळे ठोकले, आणि मग मला आठवलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की एका खोक्यात एक हजार चारशे चाळीस शिट्ट्या असतात. त्यात एक बिघडलेली म्हणजे प्रमाण नगण्य आहे आणि तीनही पुस्तकांच्या मते ते स्वीकारार्ह आहे. मुकादमबाईंनी पटाशीने खिळे उपसले. सगळ्या खोलीने हातातलं काम टाकलं आणि खोकं पुन्हा पहिल्यापासून फुंकायला घेतलं. मीही फुंकत होतो. मुकी शिट्टी अकराशे अडुसष्टावी निघाली. तरी त्यांनी उरलेल्या सगळ्या फुंकल्या. एवढा भर कामाचा वेळ, अकरा माणसं आणि एक संचालक, एका शिट्टीपायी! मी न राहवून विचारलं, की बाई, हा हट्ट कशासाठी? खोकं कुठे जाणार होतं ते त्यांनी बोटाने दाखवलं. त्यावर बोटीवरच्या तरंगत्या जाकिटांचं चित्र होतं. म्हणाल्या, “बुडणारा माणूस एकदाच फुंकतो, मालक.”

पाहिलंत? धोरण नाही, प्रमाणांचा विचार नाही, नुसता हट्ट. सल्लागाराला हे सांगितलं तर त्याने डोळे मिटून घेतले. (बाईंचं ते वाक्य, वाक्य म्हणून मला जरा बरं वाटलं, हे खरं. पस्तीस वर्षांत एवढं छोटं वाक्य माझ्या तोंडून गेलेलं नाही.)

त्या खोक्याने माझा आवाज मात्र नेला. आठवा दिवस संपला तेव्हा घशातून नुसती हवा येत होती. सभा त्यापुढच्या आठवड्यात, मंगळवारी. दादा उठला, ‘हो’ म्हणाला, बसला. मग माझी पाळी. मी उठलो, फाईल उघडली, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. काहीही आलं नाही. सल्लागाराने खडू पुढे केला, पण अप्पांच्या नियमात समोर हजर असलेल्याने बोलूनच मत द्यायचं असतं, असं कंपनीच्या वकिलांनी दाखवून दिलं. नाइलाजाने माझं मत ‘नाही’ म्हणून नोंदलं गेलं. ज्याने या विक्रीसाठी ग्लास उडवला त्याचंच मत विरोधात! दादाला माझी फार कीव आली. त्याने स्वतः मला काढा करून दिला.

आता एक ‘हो’ आणि एक ‘नाही’ अशी बरोबरी झाली आहे आणि सगळं तुमच्यावर आहे. तुमचं मत पत्राने चालतं, पंधरा दिवसांच्या आत. तेव्हा आत्या, भावनेत वाहून जाऊ नका. मोहाचे पाश तोडल्याशिवाय पट मोकळा होत नाही. सोबतच्या छापील कागदावर ‘हो’पुढे सही करून तो उलट टपाली पाठवावा, ही कळकळीची विनंती. गुडघ्याला जपा. मुलीला आणि नातवंडांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. : इथवरचं पत्र दादाने वाचलं, ‘मोहाचे पाश’ फार आवडल्याचं सांगितलं आणि पाकिटाला तिकीट लावून दिलं. पुढचं मी टपाल कचेरीतल्या उभ्या फळीवर, दोरीला बांधलेल्या पेनाने लिहितो आहे. छापील कागद सोबत नाही. तो माझ्या खिशात आहे आणि तिथेच राहील.

ता. क. २ : मुकादमबाईंनी तुमची आठवण काढली. तेहतीस वर्षांपूर्वी बाबांना हाच कारखाना विकायचा होता, तेव्हा आठ दिवस तुम्ही जाऊन बसला होतात म्हणे, त्याच बाकावर. त्या वेळी त्या नव्याने लागल्या होत्या. तुमची खूण त्यांना अजून येते : ओठांवर बोट. तुमचाही आवाज त्या आठवड्यात गेला होता आणि तुम्हीही सभेत बोलू शकला नव्हतात, असं बाबा शेवटपर्यंत हळहळून सांगायचे. मुकादमबाई मात्र म्हणतात की सभेच्या आदल्या दिवशी तुम्ही बाकावर बसून चांगलं खणखणीत गात होतात.

ता. क. ३ : माझा आवाज सभेच्या आदल्या दिवशी, सोमवारीच परत आला होता. सूनबाईला अजून सांगितलेलं नाही.

ता. क. ४ : या पत्राचं उत्तर पाठवू नका.