ब्रेकमधली हवा

२ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून शिस्त. ही काल मुलीकडे गेली, आठ दिवसांसाठी. मोठी बॅग नेली, पण बायकांचं सामान असतंच. आठ दिवस घर माझं, त्यात बाईसाहेबांचे ब्रेक उरकून टाकायचे.
बाईसाहेब हे नाव हिनेच ठेवलं. सहा वर्षांपूर्वी, मी निवृत्त झालो त्या आठवड्यात, सत्तर वर्षांची ही मोटार ट्रकवरून आमच्या दारात उतरली तेव्हा. कौतुकानेच ठेवलं असणार.
२६ तारखेला लग्नाला चाळीस वर्षं होतात. त्याची आगाऊ भेट म्हणून योजना: आठ दिवसांनी मोटार घेऊन थेट मुलीच्या दारात. हॉर्न द्यायचा, हिला शेजारी बसवायचं, घरी आणायचं. हॉर्न तपासला. उत्तम. इंजिनही सुरू होतं. बंद मात्र स्वतःच्या मर्जीने होतं. म्हणजे ब्रेक सोडले तर मोटार तयार आहे.

४ फेब्रुवारी
पुढचा बंपर पॉलिश करून घरात आणला. गॅरेजमध्ये ओल आहे. पलंगावर हिची बाजू रिकामीच, तिथे ठेवला. तात्पुरता.
कार्ब्युरेटर मोठ्या पातेल्यात रॉकेलमध्ये भिजत घातला आहे. ही येईपर्यंत वास जाईल.

५ फेब्रुवारी, दुपार
ब्रेक ऑइल भरलं. पेडल लोण्यासारखं खाली जातं. नळ्यांत हवा आहे. हवा काढायची रीत सोपी: एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा छोटा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे बाहेर आले की आवळायचा, मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा पुन्हा आत.
इतकी वर्षं पेडलवर ही बसायची. मी खालून दाब म्हणायचो, ती दाबलं म्हणायची. मी सोड म्हणायचो, ती सोडलं म्हणायची. मागच्या महिन्यात तिने जरा लवकर सोडलं, तेव्हा मी थोडं मोठ्याने बोललो. कामात होतं असं. समोरच्यांनी खिडकी लावून घेतली, पण त्यांना खिडक्या लावायची सवयच आहे.
तिने गाडीचं दार हळू लावलं आणि आत गेली. दार हळू लावावं हे मीच शिकवलं होतं.

८ फेब्रुवारी
माणसाची गरज नाही. डोकं लागतं. पेडल आणि सीट यांच्यामध्ये काठी ठोकून बसवली.
संध्याकाळी: काठी घसरली. सीटचं नवं लेदर हातभर फाटलं. ब्रेक ऑइल डोळ्यात. प्रयोग तत्त्वतः यशस्वी.

१० फेब्रुवारी
आठ दिवस झाले. हिचा फोन. म्हणाली, आणखी थोडे दिवस राहते, नातीची परीक्षा आहे. नात बालवर्गात आहे, पण हल्ली तिथेही ताण असतो म्हणे. बरंच झालं, ब्रेकही व्हायचे आहेत; आणायला आता थेट २६ लाच जाईन.
मी पेडलबद्दल सविस्तर सांगितलं. तिने ऐकून घेतलं असावं. मधेच विचारलं, जेवलात का. मी म्हणालो, ब्रेकचा मास्टर सिलिंडर ठीक आहे.

१४ फेब्रुवारी
वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांना पेडलवर बसवलं. सुशिक्षित माणूस. दाबा म्हटलं की आधी का ते विचारतात. एकदा दाबून धरलं आणि गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत सुरू केली. सांगता सांगता पाय उचलला. तासाभराची मेहनत पाण्यात. मी काहीच बोललो नाही. फक्त पाना फेकला, तोही भिंतीकडे.
ते आता जिन्यात दिसले की फोनवर बोलू लागतात.

१९ फेब्रुवारी
मेकॅनिक आला. जुन्या गाड्यांतलं त्याला सगळं कळतं, म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. म्हणाला, साहेब, हे दोघांचं काम आहे, वहिनी कुठे आहेत? मी म्हणालो, परीक्षेला. तो पाने पुसून पेटीत ठेवू लागला.
मार्चमध्ये वेळ काढतो म्हणाला. मार्च चालणार नाही, २६ गाठायची आहे.

२१ फेब्रुवारी
मुलीला फोन करून योजना सांगितली. आनंदाने थक्क झाली असावी, कारण काही बोललीच नाही. मग म्हणाली, बाबा, आधी आईला विचारा. मी म्हटलं, सरप्राइज विचारून देत नाहीत. ती म्हणाली, आई इकडे नीट झोपते हो.
बंपरमुळे मलाही कडेलाच झोपावं लागतं, हे मी बोललो नाही.

२५ फेब्रुवारी
कार्ब्युरेटर परत बसवला. ब्रेक नाहीत. उद्या हळू चालवत गेलो तर? रस्ता बराचसा सपाट आहे. सकाळी ठरवू.

२६ फेब्रुवारी
कोट घातला. मोटार सुरू केली. फाटकापर्यंत गेलो आणि थांबलो, म्हणजे फाटकाने थांबवलं. पुढचा बंपर पलंगावर होता हे बरं झालं.
अकराला ही आली. आपणहून! जावयाच्या गाडीतून. मी वाकलेलं फाटक सरळ करत होतो. म्हणाली, गरम कपडे आणि चष्म्याच्या नंबरचा कागद न्यायला आलेय. आत जाऊन आली. पलंग पाहिलाच असणार, पातेलंही. काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.
मग मोटारीकडे बघून म्हणाली, पेडलवर बसू का?
पाऊण तास लागला. दाब. दाबलं. सोड. सोडलं. चारही चाकं. एकदाही चुकली नाही, मी एकदाही ओरडलो नाही. खाली आडवा पडून मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. वर्षभरात आम्ही इतकं बोललो नव्हतो.
पेडल दगडासारखं घट्ट. मी म्हणालो, चल, आता तुला घरी आणतो. ती म्हणाली, अहो, मी घरीच उभी आहे. मग म्हणाली, तिकडे मला खिडकीजवळची खोली दिलीय. सकाळी कुणीतरी विचारतं, चहा घेतेस का. मी परत येत नाही, हे तुम्हाला फोनवर सांगून कळत नव्हतं.
हळूच दार लावून गेली. जावयाच्या गाडीचंसुद्धा.

२७ फेब्रुवारी
ब्रेक उत्तम. चहा केला. दोन कप झाला. सवय.

२८ फेब्रुवारी, सकाळी १०
उजव्या मागच्या चाकाचा स्क्रू मीच सैल केला. आत बसून पेडल दाबलं आणि सोडलं. चार वेळा. मग स्क्रू आवळला. पेडल लोण्यासारखं खाली.
हिला फोन केला. म्हटलं, ब्रेकमध्ये पुन्हा हवा शिरली, कशी कोण जाणे. तासाभराचं काम आहे. ती मग अगदी मायेने म्हणाली, अहो, आता एखादा माणूस ठेवा.
मी म्हणालो, बघतो. फोन ठेवला.
मला माणूस नको आहे, तू हवी आहेस, असं म्हणायचं होतं. ते आत्ता सुचलं, लिहिताना.