पडवी आज सारव

चि. मथुरा,

मी सकाळच्या मोटारीने राजापुरास तुझ्या मामाकडे जातो. उद्या दिवेलागणीला परत येईन. मामा परवा म्हणाला, "आई गेली, आता पोरांना घरी शिकवणार कोण? विमला आणि बाबल्या आमच्याकडे राहू देत." आता त्याच्या तोंडावर 'नाही' सांगून येतो. तुम्ही चौघंही याच घरात राहाल.

पेज चुलीवर आहे. धाकट्या चिमाला निववून दे.

पडवीत जमिनीवर तुझ्या आईने खडूने लिहिलेला सतराचा पाढा अजून आहे. तो जाईल म्हणून महिनाभर मी तुला सारवू दिलं नाही, आणि तुमचा अभ्यास तिथंच थांबला. चूक माझी. शेण आणून ठेवलंय. पडवी सारव, वाळली की अठराचा लिही आणि सगळ्यांकडून म्हणून घे. बाबल्या पळू लागला तर आई करायची तसं त्याला नारळ सोलायला बसव आणि सोलता सोलता म्हणायला लाव.

मी आलो की मलाही शेवटच्या पाटावर बसव. तिने मला अक्षरं तिथंच शिकवली. पाढ्यांत मी अजून पंधरावर आहे.

आप्पा