आईची वरची मूठ

सोमवार, ३ जून
झालं! वुम्पिनीचा फोन. हॅम्बुर्गच्या कॅन्टीनमध्ये आपला वाच्ये, चवळी घातलेला भात, शिजवणार म्हणे बाईसाहेब. "ताई, इकडे डब्याने मोजत नाहीत गं. तांदूळ किती, चवळी किती, ग्रॅममध्ये पाठव. शुक्रवारी कॅन्टीनचे साहेब चाखायला येणारेत." पहाटे उठून चवळी मी निवडायची, टपरीवर पातेली मी उपसायची, आता वजनंही मीच करायची! धाकटीला नाही म्हणता येत नाही, तेही खरं.

कांदेवालीचा तराजू मागून आणलाय.

मंगळवार, ४ जून
आईचं माप म्हणजे दुधाचा जुना डबा, शीग लावून. शीग मोडेल म्हणून मला हात लावू देत नाही. एकेक डबा हिसकावून तराजूवर घातला. "तराजूला भुकेतलं काय कळतंय?" — तोंड चालूच.

चवळी जमली. तांदूळ नाही! डब्यांची बेरीज एक, परातीतलं वजन भलतंच. जास्त भरतं. डोकं फिरलं माझं.

बुधवार, ५ जून
पुन्हा तेच. कंटाळले.

गुरुवार, ६ जून
सापडलं! शेवटचा डबा ओतला की आई पोत्यात हात घालते आणि एक मूठ वर टाकते. बाजारात माप झाल्यावर गिऱ्हाइकाला वर घालतात ना, तशी. पण इथे गिऱ्हाईक कोण?

"आई, ही कोणासाठी?"

"नापारीसाठी. अवचित आला म्हणजे? उपाशी ठेवू?"

नापारी. आमचा भाऊ. कमवायला म्हणून वाळवंटातून लिबियाच्या वाटेने गेला, त्याला दुसरा रमजान उलटला. ना फोन, ना निरोप. मला आधी रागच आला — रोज त्याच्या नावाने शिजवते आणि रोज ते कुणा भलत्याच्या पोटात जातं! मग रडू आलं. कांदेवाली म्हणाली, "तराजूला अजून कांद्याचा वास येतो वाटतं." येऊ दे.

वुम्पिनीला मूठ वजा करून आकडे पाठवले. का ते नाही सांगितलं.

शनिवार, ८ जून
वुम्पिनी पास! "ताई, अगदी आईच्या हातचं झालं!" आईला सांगितलं, तर विचारते काय — "मूठ टाकली होती ना तिने?"

हो म्हणाले.

सोमवार, १० जून
आज टपरीवर एक माणूस आला. नापारीबरोबर गाडीत होता. आई आत नमाजाला बसली होती. वाळवंटात गाडी बंद पडली, पाणी संपलं. ह्यानेच पुरलं त्याला. हळू आवाजात सांगत होता बिचारा. मी त्याला वाढलं. भुकेला होता, जेवला. आईला मी सांगते म्हटलं, तुम्ही नका बोलू.

कसं सांगू?

मंगळवार, ११ जून
आज नाही जमलं. तिने मूठ टाकली. मी बघत बसले.

बुधवार, १२ जून
टाकली. तराजू परत करायचा राहिलाय.

गुरुवार, १३ जून
आईने डबे मोजले. पोत्यात हात घातला नाही. मी अजून त्या माणसाबद्दल एक शब्द बोललेले नाही तिच्याशी, देवाशपथ. परात माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "घाल तराजूवर. आता बरोबर येईल."