बाकावरची जागा

नवाबंदर,
भाद्रपद वद्य तृतीया

प्रिय मोंघी,

जय माताजी. आम्ही सारे बरे आहोत. होड्या दर्यावर गेल्यात. यंदा बोंबील भरपूर, वाळवायला दोऱ्या पुरत नाहीत. देवकीच्या सुनेला मुलगी झाली. तुम्ही लेकाकडे राहायला गेलात, पण सुरतेचं पाणी तुला अजून गोड लागत नसेल ना?

दोनदा फोन लावला. तू ‘हॅलो’ म्हणालीस आणि मी ठेवून दिला. म्हणून लिहिते.

हल्ली जुनंच आठवतं. आपल्या दोघींचे नवरे एकाच होडीवर होते. पलीकडच्या देशानं होडी धरली, माणसं तुरुंगात टाकली. दोन घरांची आपण एक चूल केली. बाजाराच्या वाटेवर मी रडत बसले, तर तू खेकसलीस, “रड ना, पण टोपली डोक्यावर घेऊन रड! मासळी काय तुझं रडणं संपेपर्यंत ताजी राहणार?” मला रडता रडता हसू फुटलं होतं.

मग सुटलेल्यांची गाडी वेरावळला आली. तुझे हीरजीभाई उतरले. हाडांचा नुसता सापळा. मी त्यांच्या मागे माझ्या नवऱ्याला, कानजीला शोधत होते. ते मान खाली घालून म्हणाले, “लखमीबेन, कानजी तिथं तुरुंगातच गेला. ताप आला होता.”

तू त्यांना म्हणालीस, “तुम्ही घरी चला, पोरं वाट बघतायत. मी हिला घेऊन येते.” दोन वर्षांनी आलेल्या नवऱ्याकडे तू डोळे भरून पाहिलंही नाहीस. ऊन उतरेपर्यंत माझ्याजवळ तिथल्याच बाकावर बसून राहिलीस. एक शब्द बोलली नाहीस. तेच बरं केलंस.

त्यानंतर दर्यावरून आलं की हीरजीभाई आधी माझ्या दारी मासळी टाकायचे, मग घरी जायचे. एकदाही चुकले नाहीत.

मोंघी, मंगळवारी कळलं. हीरजीभाई गेले हे हातानं लिहायला इतका कागद लागला बघ.

हे पत्र आज रात्रीच्या बसवाल्याच्या हाती देते, उद्या सकाळच्या बसनं मी निघते. तुझ्या सुनेला सांग, या म्हातारीला एक चटई पुरे. किती दिवस राहणार, ते विचारू नकोस. माणसं येतील, ‘धीर धर’ म्हणतील. मी तसलं काही बोलणार नाही. तू हवं तेवढं रड. चहापाणी, आलं-गेलं, सगळं मी बघते.

तुझ्याजवळ बसायला निघालेली,
लखमी